नाव-नोंदणीपासून कामाच्या हमीपर्यंत

सरकारी रोजगार आणि प्रशिक्षण योजनांची स्वतःची परिभाषा आहे : शिकाऊ उमेदवार, ट्रेड, विद्यावेतन, नोंदणी कार्ड, लाइव्ह रजिस्टर, हजेरीपट, जॉब कार्ड, प्लेसमेंट. आयटीआयचा अर्ज भरणाऱ्या मुलापासून रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना त्यातले काही ना काही तोंडपाठ असते. हे शब्द एका खात्याने एका बैठकीत ठरवलेले नाहीत. काही गिरण्यांनी दिले, काही दुसऱ्या महायुद्धाने, काही दुष्काळाने. नाव नोंदवून घेणे, हुन्नर शिकवणे, शिकताना चार पैसे देणे आणि प्रत्यक्ष काम देणे या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कोणत्या शब्दाने सरकारवर किंवा मालकावर यांपैकी नेमकी कोणती जबाबदारी येते, हे त्या शब्दाचा इतिहास पाहिल्याशिवाय कळत नाही. महाराष्ट्रात हा इतिहास विशेष भरगच्च आहे, कारण गिरण्या, गोदी, कारखाने आणि कोरडवाहू शेती हे सगळे एकाच राज्यात नांदत आले.

यांतला सर्वांत जुना शब्द ‘अप्रेंटिस’. कायद्याच्या पुस्तकात तो १८५० साली आला. त्या वर्षीच्या अप्रेंटिस कायद्याने दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जास्तीत जास्त सात वर्षांच्या कराराने एखाद्या कारागिराकडे बांधून देण्याची मुभा बापाला किंवा पालकाला मिळाली. अनाथ मुलांच्या बाबतीत हे काम मॅजिस्ट्रेट करी. कायद्याचा रोख धर्मादायावर वाढणाऱ्या पोरक्या आणि गरीब मुलांकडे होता. उद्योगाला कुशल माणसे पुरवणे हा त्याचा हेतू नव्हता. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या देणगीतून निघालेली सुधारशाळा याच विचारातून उभी राहिली. तिथे मुलांना हातातले काम शिकवले जाई. हाताचा हुन्नर म्हणजे गरिबाघरच्या किंवा बिघडलेल्या मुलाची सोय, ही समजूत तेव्हापासून जी चिकटली ती फार काळ सुटली नाही. दहावीला कमी गुण पडले की ‘आयटीआयला टाकू’ असे घराघरांत म्हटले जाई, त्याची मुळे इतकी मागे जातात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दुसरा प्रवाह सुरू झाला. १८८७ साली भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. मुंबईच्या कापड गिरण्यांना देशी तंत्रज्ञ हवे होते, आणि तोवर हे ज्ञान लँकेशायरहून आलेल्या माणसांच्या हाती होते. १९२३ मध्ये संस्था माटुंग्याला गेली. आजची व्हीजेटीआय ती हीच. १८९१ पासून जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये रे आर्ट वर्कशॉप्स चालू झाले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये कलाभवन काढले. धुंडिराज गोविंद फाळके छायाचित्रणासह अनेक विद्या तिथे शिकले. देशी भाषांतून तांत्रिक शिक्षण देण्याचा आग्रह हे कलाभवनाचे मोठेपण. पण या संस्थांत शिकणारे हजारो गिरणी कामगारांच्या तुलनेत मूठभर होते. खुद्द कामगाराला काम शिकवणारी आणि देणारी यंत्रणा वेगळीच होती.

ती यंत्रणा म्हणजे जॉबर, म्हणजेच मुकादम. कोकणातून, घाटावरून आलेला माणूस गावकऱ्याच्या ओळखीने जॉबरपर्यंत पोचे, साच्यावर उभा राहून बघत बघत काम शिके, आणि काम लागल्याबद्दल जॉबरला दस्तुरी देई. भरती, प्रशिक्षण आणि बडतर्फी या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या मुठीत होत्या. कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली आणि भरतीसाठी लेबर ऑफिसर नेमावेत असे सुचवले. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघटनेने बदली कामगारांसाठी कार्डाची पद्धत आणली. कार्डधारकाने रोज सकाळी गिरणीच्या दारात हजर व्हायचे. कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी कार्डवाल्याला घ्यायचे. बदली कार्ड हे मुंबईतले रोजगाराचे पहिले व्यापक कागदपत्र म्हणता येईल. जॉबरच्या मर्जीच्या जागी एक कागद आला, हा बदल लहान नव्हता. मात्र कार्ड असलेल्याला रोज काम मिळेलच, असे त्यात कुठेही नव्हते.

१९५० साली मुंबईत डीकॅज्युअलायझेशनची योजना सुरू झाली. बदली आणि नैमित्तिक कामगारांची एकत्र नोंद ठेवून गिरण्यांना तिथूनच माणसे पुरवायची, अशी तिची कल्पना होती. याच विचाराचा पक्का, कायदेशीर अवतार गोदीत दिसला. १९४८ च्या गोदी कामगार कायद्यानंतर मुंबईत डॉक लेबर बोर्ड आले आणि जहाजागणिक काम शोधणारा माणूस ‘नोंदित कामगार’ झाला. १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्याने हाच साचा बाजारपेठेत आणला. अण्णासाहेब पाटील यांनी हमालांची जी चळवळ बांधली तिचे हे फळ. टोळी, नोंदित मालक, बोर्ड, लेव्ही हे शब्द तेव्हापासून मशीद बंदरपासून गावोगावच्या मार्केट यार्डापर्यंत रुळले. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही बोर्डाकडे भरायची, बोर्डाने त्यातून मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि रजेचे पैसे द्यायचे. प्रशिक्षणाचा यात मागमूस नाही. तरीही नोंदणी या साध्या गोष्टीतून कामगाराच्या पदरात एवढे पडू शकते, याचे याहून चांगले उदाहरण भारतात शोधावे लागेल.

सर्वांसाठीची सरकारी नोंदणी मात्र युद्धामुळे आली. १९४० मध्ये ब्रिटिश सरकारने युद्धसामग्रीच्या कारखान्यांसाठी आणि सैन्यासाठी तंत्रज्ञ घडवणारी प्रशिक्षण योजना सुरू केली. ब्रिटनचे मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाच्या दुसऱ्या योजनेत भारतीय कामगारांच्या तुकड्या प्रशिक्षणासाठी ब्रिटनला गेल्या. जुलै १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. तांत्रिक प्रशिक्षणाचा विस्तार आणि सरकारी मध्यस्थीने काम मिळवून देणारी कार्यालये हे दोन्ही विषय त्यांच्या खात्यात येत. युद्ध संपत आले तेव्हा लाखो सैनिक आणि युद्धकामगार एकदम मोकळे होणार होते. त्यांचे पुनर्वसन करण्यासाठी जुलै १९४५ मध्ये एक महासंचालनालय स्थापन झाले आणि त्याच्या हाताखाली एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज उघडली. १९४८ मध्ये ती सर्व नोकरी-इच्छुकांना खुली झाली. पुढे बी. शिवराव समितीच्या शिफारशीनुसार १ नोव्हेंबर १९५६ पासून एक्स्चेंज आणि प्रशिक्षण संस्था यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला; धोरण, मानके आणि परीक्षा केंद्राकडे राहिल्या. ही वाटणी आजही बव्हंशी तशीच आहे.

पुढच्या तीन-चार दशकांत ‘एम्प्लॉयमेंटला नाव घातलंय का?’ हा प्रश्न मराठी घरांत पदवीच्या निकालाइतकाच ठरलेला झाला. मॅट्रिक झालेला मुलगा जिल्ह्याच्या गावी एसटीने जाई, रांगेत उभा राही, गुणपत्रिका दाखवी आणि एक कार्ड घेऊन येई. कार्यालयाच्या भाषेत ते एक्स-टेन. त्यावर नोंदणी क्रमांक, नोंदणीची तारीख, नूतनीकरणाची तारीख आणि व्यवसायाचा एक सांकेतांक असे. हा सांकेतांक राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणातून येई. ते वर्गीकरण १९५८ मध्ये प्रथम तयार झाले. उमेदवाराचे दुसरे कार्ड, एक्स-वन, कार्यालयातल्या लाकडी खणात राही. अशा चालू नोंदींचा साठा म्हणजे लाइव्ह रजिस्टर. जागा निघाली की ज्येष्ठतेनुसार कार्डे उपसून नावे पाठवायची आणि उमेदवाराला कॉल धाडायचा. नूतनीकरण चुकले तर ज्येष्ठता जाई, म्हणून ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहिलेली असे. वर्तमानपत्रांत येणारा बेकारांचा आकडा बहुधा या रजिस्टरवरूनच घेतलेला असे. प्रत्यक्षात नोकरी लागलेली माणसेही नाव काढून घेत नसत आणि खेड्यातले शेतमजूर नाव घालत नसत, तेव्हा तो आकडा बेकारीचे माप म्हणून दोन्ही बाजूंनी चुकीचा होता.

या कार्डामागचा कायदा १९५९ चा. १ मे १९६० पासून तो लागू झाला. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावातच ‘रिक्त जागा सक्तीने कळवणे’ आहे. सार्वजनिक क्षेत्रातल्या आस्थापनांनी आणि २५ किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या खासगी आस्थापनांनी जागा एक्स्चेंजला कळवायच्या. सक्ती एवढीच. कळवल्यानंतर एक्स्चेंजने पाठवलेलाच माणूस घ्यावा असे बंधन नाही, हे कायद्याने स्पष्ट लिहिले. शेतीतील कामे, घरकाम आणि तीन महिन्यांहून कमी मुदतीची कामे त्याच्या कक्षेबाहेर राहिली. सरकारी खात्यांनी आपल्या नियमांनी एक्स्चेंजचाच मार्ग धरला म्हणून कार्डाला किंमत होती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितले की, एक्स्चेंजकडून नावे मागवतानाच जागांची वृत्तपत्रांत जाहिरातही द्यावी आणि थेट अर्ज करणाऱ्यांचाही विचार करावा. समान संधीच्या दृष्टीने तो निकाल योग्यच होता. पण कॉलचा दरारा त्यानंतर ओसरत गेला. महाराष्ट्रात या कार्यालयांची नावे पुढे रोजगार व स्वयंरोजगार मार्गदर्शन केंद्र अशी झाली, मग त्यांत कौशल्य विकास आणि उद्योजकता यांची भर पडली. नोंदणी महास्वयम् पोर्टलवर गेली.

हुन्नर शिकवण्याची सार्वत्रिक सोय १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेने केली. युद्धकालीन प्रशिक्षण केंद्रे हाताशी होतीच. त्यांतूनच औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय, वाढल्या. १९५६ मध्ये व्यवसाय प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद आली. तिचे नाव पुढे एनसीव्हीटी या आद्याक्षरांनीच ओळखले जाऊ लागले. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र ही तिची देणगी. नाशिकच्या आयटीआयचा फिटर जमशेदपूरला फिटर म्हणून उभा राहू शकला तो या प्रमाणपत्रामुळे. राज्याच्या परिषदेचे प्रमाणपत्र असले तर एवढी पत मिळत नसे, म्हणून प्रवेश घेताना ‘ट्रेड एनसीव्हीटी आहे ना?’ हे आधी विचारले जाई.

फिटरचा ट्रेड दोन वर्षांचा, वेल्डरचा एक वर्षाचा. फिटरचे पहिले काही आठवडे जवळजवळ फक्त कानस चालवण्यात जातात. प्रशिक्षणार्थीच्या हाती लोखंडी पट्टीचा तुकडा येतो. वर्कशॉपमध्ये त्याला ‘जॉब’ म्हणतात. तो व्हाइसमध्ये धरायचा, पाय ठरावीक कोनात रोवायचे, आणि कानस पुढे जाताना दाब देऊन मागे येताना हलकी सोडायची. पृष्ठभाग सपाट झाला की ट्राय स्क्वेअर लावून जॉब उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेडाची रेघ दिसली की निदेशक जॉब परत देतात. पुढे हॅकसॉ, ड्रिलिंग, टॅपिंग, आणि मग एकात एक बसणारे दोन भाग. व्हर्नियरवर मिलिमीटरचे शंभरांश वाचायला डोळा सरावतो तो याच काळात. महाराष्ट्रातल्या पिंपरी-चिंचवड, ठाणे-बेलापूर, सातपूर, वाळूज या औद्योगिक पट्ट्यांची उभारणी ज्या हातांनी झाली, त्यांतले पुष्कळसे अशा वर्कशॉपमध्ये घडले. त्यांची नोंद उद्योगांच्या इतिहासात फारशी होत नाही, ही खंत करण्याजोगी गोष्ट आहे. राज्यात आज चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत आणि बहुतेक प्रत्येक तालुक्यात एक आहे.

शाळेतल्या वर्कशॉपमध्ये शिकलेला माणूस कारखान्यातल्या वेगाला तयार नसतो, म्हणून १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आला. १८५० च्या कायद्याची जागा त्याने घेतली आणि रोख पूर्ण बदलला. ठरावीक ट्रेडमध्ये ठरावीक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घेणे मालकावर बंधनकारक झाले आणि शिकणाऱ्याला दरमहा विद्यावेतन मिळू लागले. शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक अभियंते त्यात आले, १९८६ मध्ये बारावीच्या व्यवसाय शाखेची मुलेही. परळ-माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस लागणे हे कित्येक कुटुंबांना नोकरीचे दार वाटे.

कायद्याची भाषा मात्र वेगळे बोलते. कलम १८ नुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. कामगार कायदे त्याला लागू नाहीत. २०१४ च्या दुरुस्तीपर्यंत कलम २२ नुसार प्रशिक्षण संपल्यावर त्याला नोकरी देणे मालकावर बंधनकारक नव्हते, करारात तसे लिहिले असेल तरच ते लागू होई. १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन निगमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने थोडा दिलासा दिला : इतर सर्व बाबी समान असतील तर थेट उमेदवारापेक्षा प्रशिक्षित अप्रेंटिसला प्राधान्य द्यावे, आणि त्याच्यासाठी एक्स्चेंजकडून नाव येण्याची अट नको. प्राधान्य मिळाले, हक्क मिळाला नाही. वर्षभर यंत्रावर उभे राहून उत्पादन काढणारा मुलगा कागदोपत्री विद्यार्थीच राहतो, ही या व्यवस्थेतली सर्वांत मोठी ठसठस आहे आणि ती साठ वर्षे टिकून आहे.

या सगळ्याच्या कडेला, कोरडवाहू महाराष्ट्रात, चौथी गोष्ट घडत होती. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती आणि तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. मागेल त्याला काम देता येईल का, याचा प्रयोग त्यांनी १९६० च्या दशकात आपल्याच भागात करून पाहिला. १ मे १९७२ ला राज्याने रोजगार हमी योजना जाहीर केली आणि त्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. दुष्काळी कामांवर लाखो माणसे उतरली. कामाच्या जागी वाटली जाणारी सुकडी त्या पिढीच्या आठवणीत अजून आहे. दुष्काळ सरला तरी योजना राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

तिचे शब्द एक्स्चेंजच्या शब्दांपेक्षा वेगळ्या जातीचे आहेत. इथेही नाव नोंदवायचे, पण त्यानंतर ‘कामाची मागणी’ करायची. मागणी केल्यावर १५ दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता. तो तेव्हा दिवसाला अवघा एक रुपया होता. सरकार चुकले असे सरकारनेच कबूल करणारा तो रुपया होता, म्हणून त्याचे मोल रकमेपलीकडचे. कामावर हजेरीपट, म्हणजे मस्टर. दर आठवड्याला मोजमाप, आणि खोदलेल्या मातीच्या घनमापावरून मजुरी. मस्टरवर खोटी नावे चढवण्याचे प्रकार गाजले, मोजमाप लांबल्याने मजुरी रखडली, हेही या इतिहासाचा भाग आहे. तरी कामावर मोठ्या संख्येने बाया होत्या, दर पुरुषांइतकाच होता आणि लेकरांसाठी पाळणाघराची तरतूद होती.

पैशाची सोय तर विशेष विचार करून केली होती. १९७५ मध्ये पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला, त्याच्या जोडीला वाहने, बागायत जमीन अशांवर अधिभार आले आणि जमेल तेवढीच रक्कम राज्याने तिजोरीतून घालायची ठरली. मुंबई-पुण्यातल्या पगारपत्रकात आजही दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, ती मुळात माण-खटावच्या किंवा बीडच्या मजुराच्या हमीसाठी शहराने द्यायची रक्कम. कापले जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते. १९९० पासून हमीच्या पैशातून फळबागा उभ्या राहिल्या. कोकणातला हापूस आणि कोरडवाहू भागातली डाळिंब-बोरे यांच्या विस्तारात तिचा वाटा मोठा आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने महाराष्ट्राची ही कल्पना देशभर नेली. त्यानुसार प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी आणि हातात जॉब कार्ड मिळाले. एक्स-टेनवर उमेदवाराची पात्रता लिहिलेली असे. जॉब कार्डावर कुटुंबाने मागितलेले आणि सरकारने दिलेले दिवस.

प्रशिक्षणाच्या बाजूला दरम्यान बारीकसारीक भर पडत होती. १९७९ मध्ये ग्रामीण तरुणांना स्वयंरोजगारासाठी शिकवणारी ट्रायसेम आली आणि १९९९ मध्ये दुसऱ्या योजनेत विलीन झाली. महाराष्ट्रात बारावीच्या पातळीवर द्विलक्षी आणि पुढे किमान कौशल्य व्यवसाय अभ्यासक्रम, म्हणजे एमसीव्हीसी, सुरू झाले. २००७-०८ पासून देशातल्या १,३९६ शासकीय आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज आणि उद्योगपतींच्या अध्यक्षतेखाली व्यवस्थापन समिती मिळाली.

२००८ मध्ये राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ स्थापन झाले आणि ‘ट्रेड’च्या शेजारी नवे शब्द येऊन बसले : सेक्टर स्किल कौन्सिल, जॉब रोल, क्वालिफिकेशन पॅक, ट्रेनिंग पार्टनर, असेसमेंट. २०१३ च्या राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखड्याने प्रत्येक कामाला पातळीचा आकडा दिला. नोव्हेंबर २०१४ मध्ये स्वतंत्र मंत्रालय झाले, जुलै २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली. दोन वर्षांच्या ट्रेडऐवजी काही आठवड्यांचे अभ्यासक्रम हा तिचा मुख्य भाग. इतक्या थोड्या दिवसांत कानस धरायला तरी हात बसतो का, हा जुन्या निदेशकांचा आक्षेप रास्त आहे. तिच्यातलीच आरपीएल, म्हणजे आधीच्या अनुभवाला प्रमाणपत्र देण्याची तरतूद, मात्र खरोखर मोलाची. वीस वर्षे गवंडीकाम करणाऱ्या माणसाच्या हाताला तिने पहिल्यांदा सरकारी कागद दिला. २०१६ मध्ये शारदा प्रसाद समितीने सेक्टर कौन्सिलांच्या कारभारावर आणि हितसंबंधांवर बोट ठेवले. २०१८ मध्ये एनसीव्हीटीचे नियामक काम नव्या राष्ट्रीय परिषदेकडे देण्याचा निर्णय अधिसूचित झाला.

शिकाऊ उमेदवारीही याच काळात बदलली. २०१४ च्या दुरुस्तीने मालकाची तुरुंगवासाची शिक्षा काढली. २०१६ पासून केंद्र सरकार विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांच्या मर्यादेत, उचलू लागले. २०१९ च्या नियमांनी विद्यावेतन शिक्षणानुसार ५,००० ते ९,००० रुपये झाले आणि ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आले.

२०२४ मध्ये महाराष्ट्राने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्यांना दरमहा ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन राज्य देणार, आणि उमेदवाराने सहा महिने एखाद्या आस्थापनेत किंवा सरकारी कार्यालयात काम शिकायचे. पुढे मुदत आणखी पाच महिन्यांनी वाढली. ग्रामपंचायतींत, शाळांत, तहसील कार्यालयांत ही मुले रोजचे काम करू लागली आणि मुदत संपत आली तेव्हा सेवेत कायम करा म्हणून रस्त्यावर उतरली. त्यांच्या नियुक्तीपत्रावर शब्द ‘प्रशिक्षणार्थी’ होता. १९६१ च्या कलम १८ मधलाच तो शब्द, आणि शिकता शिकता केलेल्या कामाचे देणे कोणाकडे, हा त्या कलमाने बाजूला सारलेला प्रश्नही तोच.